अर्धवट खोडलेला आकडा

पनवेलच्या माणसाला ट्रेलरची रांग नवी नाही. पळस्पे फाट्यापासून न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाळीस फुटी कंटेनर पाठीवर घेऊन खोळंबलेले ट्रेलर आणि त्यांच्या सावलीत स्टोव्ह पेटवून बसलेले ड्रायव्हर-क्लीनर हे इथलं रोजचं दृश्य. गावच मुळात वाहतुकीवर वाढलेलं. मुंबईचा माल गलबतांनी पनवेलच्या खाडीत यायचा आणि बैलगाड्यांतून बोरघाट चढून पुण्याकडे जायचा. बैलगाडीची चाकं ही एके काळी पनवेलची ख्याती होती. त्यामुळे रांग दिसली की पनवेलकर कारण विचारत नाही, ते त्याला अंदाजाने ठाऊक असतं. पाऊस, अपघात, संप, नाहीतर गेटवरचा काही घोळ.

२०१७ च्या जूनअखेरीला मात्र अंदाज चुकला असता. सोमवारी, २६ तारखेला ईद झाली होती. शनिवारपासून जीएसटी लागू होणार म्हणून जुन्या करात माल काढून टाकायची सगळ्यांना घाई. वारी पंढरपूरच्या वाटेवर, आषाढी चार जुलैला. अशा गडबडीत मंगळवारी, २७ जूनच्या संध्याकाळी, न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या जीटीआय टर्मिनलचे संगणक बंद पडले. बुधवारी सकाळी बंदर प्रशासनाने ते जाहीर केलं. कामकाज हाताने चालवण्याचा प्रयत्न सुरू झाला, ट्रेलरना उभं राहायला जागा शोधावी लागली आणि शेजारच्या टर्मिनलांचा आधार घ्यावा लागला.

जीटीआय म्हणजे गेटवे टर्मिनल्स इंडिया. डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स आणि आपल्या रेल्वेची कॉनकॉर यांची ही भागीदारी. २००६ पासून चालू, वर्षाला १८ लाख कंटेनरांची क्षमता. १९८९ साली सुरू झालेलं हे बंदर २०१७ मध्ये देशातलं सगळ्यात मोठं कंटेनर बंदर होतं आणि त्याचा साधारण दोन पंचमांश भार या एका टर्मिनलवर होता. (ज्या जमिनींवर हा परिसर उभा राहिला, त्यांच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी रस्त्यावर उतरले होते आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. इथली कुठलीही गोष्ट सांगताना हे मागे उभं असतंच.)

संगणक बंद पडला तर क्रेन का थांबावी, हा प्रश्न रास्त आहे. क्रेनला वीज होती, चालवणारे हजर होते. पण यार्डात हजारो डबे एकावर एक चढवलेले असतात, आणि अमुक डबा कुठल्या ब्लॉकात, कितव्या ओळीत, कितव्या थरावर आहे हे फक्त संगणकाला ठाऊक असतं. वरून पाहिलं तर सगळे पत्र्याचे पेटारे सारखेच. हवा असलेला डबा तळाला असला तर वरचे तीन उचलून कुठे ठेवायचे हेही तोच ठरवतो. निर्यातीचा ट्रेलर फॉर्म तेरा घेऊन गेटवर आला की त्याला आत घ्यायचं की नाही, हेसुद्धा तोच सांगतो. तो गप्प झाला की यार्ड म्हणजे पत्ते नसलेली चाळ.

डब्याच्या अंगावर एक क्रमांक असतो, त्याकडे जरा थांबून बघायला हवं. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एकटा बसलेला सातवा आकडा. हा सातवा आकडा म्हणजे आधीच्या दहांचा राखणदार. प्रत्येक अक्षराला एक ठरलेली किंमत; मग डावीकडून पहिल्याला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ४ ने असं दुपटीने गुणत जायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि ११ ने भागून बाकी बघायची. सीएसक्यूयू ३०५४३८ या क्रमांकाची बेरीज येते ६१८५, बाकी ३. म्हणून चौकटीत ३. गेटवरच्या कारकुनाने घाईत ५ आणि ४ ची अदलाबदल केली, तर बेरीज होते ६२४९ आणि बाकी १. क्रमांक तिथल्या तिथे नाकारला जातो. चुकीचा डबा जहाजावर चढून रॉटरडॅमला पोचल्यावर बोंब होत नाही. चूक लिहितानाच अडते.

चूक लिहितानाच अडावी, एवढी साधी मागणी संगणकाच्या प्रोग्रामांच्या बाबतीत काही लोक पन्नास वर्षं करत आले आहेत. न्हावा-शेव्याला त्या संध्याकाळी जे झालं, त्याचं मूळ ज्या चुकीत आहे ती त्यांच्या भाषेत लिहिता आली नसती. पण आधी त्या चुकीतून शिरलेला किडा, मग ती चूक.

नॉटपेट्या या नावाने ओळखला गेलेला तो किडा, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, युक्रेनमधून सुटला. तिथे तेव्हा बहुतेक कंपन्या एम-ई-डॉक नावाचं हिशेब आणि करभरणीचं सॉफ्टवेअर वापरत. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच किडा घुसवला. मर्स्कच्या ओडेसा कार्यालयातल्या एका संगणकावर ते सॉफ्टवेअर होतं. एवढी फट पुरली. काही तासांत कोपनहेगनच्या मुख्यालयातले पडदे काळे झाले, आणि जगभरच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ टर्मिनलं अडली. त्यांत न्यू जर्सीचं एलिझाबेथ होतं तसं आपलं न्हावा-शेवाही. फायली सोडवायला किडा खंडणी मागे, पण ती मागणी निव्वळ देखावा होती. पैसे भरले तरी फायली परत मिळायची सोयच नव्हती. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी हा रशियन लष्कराचा उद्योग असल्याचं जाहीर केलं. भांडण कीव आणि मॉस्कोचं, आणि खोळंबा उरण रस्त्यावर.

एका संगणकावरून दुसऱ्यावर उडी मारायला किड्याकडे दोन हत्यारं होती. एक, मेमरीत पडून असलेले पासवर्ड उचलणारं. दुसरं इटर्नलब्लू. हे दुसरं अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेच्या भात्यातलं. शॅडो ब्रोकर्स नाव घेणाऱ्या टोळीने १४ एप्रिल २०१७ ला ते चव्हाट्यावर टाकलं. मायक्रोसॉफ्टने त्याआधी महिनाभर, १४ मार्चला, दुरुस्ती पाठवलेली होती. मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या दुसऱ्या किड्याने याच हत्याराने जगभर धुमाकूळ घातला, तरी जूनपर्यंत पुष्कळ संगणक दुरुस्तीविना तसेच होते.

इटर्नलब्लू ज्या फटीतून शिरतं ती अशी. विंडोजमध्ये एका संगणकाने दुसऱ्याकडे फाइल मागण्याची जी रीत आहे तिला एसएमबी म्हणतात. तिच्या पहिल्या आवृत्तीत १९८० च्या दशकातल्या ओएस/२ साठी केलेली एक सोय तशीच राहून गेली होती: फाइलच्या जादा गुणधर्मांची यादी जुन्या पद्धतीत आली, तर ती नव्या पद्धतीत उतरवून घ्यायची. यादीच्या सुरुवातीला तिची लांबी लिहिलेली असते. प्रोग्राम यादी वाचतो, कुठपर्यंतच्या नोंदी धड आहेत ते बघतो, लांबी तेवढी कापतो, जागा मोजून घेतो आणि मग नक्कल करतो.

आता गोदामाच्या रजिस्टरची कल्पना करा. शिल्लक लिहिली आहे १,००,०००. ती कापून ९९,८०० करायची आहे. कारकुनाने शेवटची पाच घरं खोडून तिथे ९९८०० लिहिलं, आणि लाखाच्या घरातला १ तसाच राहिला. शिल्लक झाली १,९९,८००. कमी करायला गेला आणि दुप्पट करून बसला. विंडोजमध्ये नेमकं हेच झालं. लांबीसाठी जागा होती ३२ बिटांची. कापलेली लांबी लिहिणाऱ्या ओळीने फक्त खालचे १६ बिट खोडले. हल्लेखोराच्या यादीत लांबी लिहिलेली असे ६५,५३६. ती कापून व्हायला हवी होती ६५,३७३. ती झाली १,३०,९०९. जागा घेतली लहान यादीपुरती, नक्कल सुरू झाली मोठ्या आकड्यानुसार. वरची भर शेजारच्या मेमरीत सांडली, आणि सांडलेल्या त्या मजकुरात काय असावं हे हल्लेखोराने आधीच ठरवून ठेवलेलं होतं. तेही ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, जिथे गेल्यावर पुढे कुणी अडवणारं नसतं.

या चुकीसाठी त्या प्रोग्रामरला धारेवर धरायला मन धजत नाही. हा प्रोग्राम सी भाषेच्या घराण्यातला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिचीने घडवलेली सी म्हणजे लखलखीत कोयता: हलका, धारदार, मूठ नसलेला. आकड्याचा अर्धाच भाग खोडायचा? खोडा. यादी संपल्यावरही पुढे वाचायचं? वाचा. सी विचारत नाही. मायक्रोसॉफ्टच्याच अभियंत्यांनी २०१९ मध्ये सांगितलं की कंपनी दरवर्षी दुरुस्त करत असलेल्या सुरक्षा-फटींपैकी सुमारे ७० टक्के फटी मेमरीच्या अशा घोळांतून येतात. इतक्या लोकांची बोटं कापली जात असतील तर दोष बोटांचा नसतो.

दुसरी परंपरा एडिनबराची. तिथे १९७० च्या दशकात रॉबिन मिल्नर गणिती सिद्धता तपासणारं एक यंत्र बांधत होता, एलसीएफ नावाचं. त्यात सिद्धता रचण्यासाठी एक भाषा लागली, ती एमएल. मिल्नरची अडचण व्यावहारिक होती: सिद्धता रचणाऱ्याने चुकून, किंवा लबाडीने, ‘हे प्रमेय सिद्ध झालं’ असं खोटंच लिहिलं तर? त्याने प्रमेयाची एक वेगळी जातच केली. तर्काच्या ठरलेल्या नियमांतून गेल्याखेरीज त्या जातीची वस्तू तयारच होत नाही. प्रत्येक वस्तूला जात, आणि जाती जुळत नसतील तर प्रोग्राम चालण्याआधीच परत. कंटेनरचा सातवा आकडा, पण दर ओळीला बसवलेला.

या घराण्याला फंक्शनल भाषा म्हणतात. एमएल, तिची फ्रान्समधली नात ओकॅमल, १९९० साली आलेली हॅस्केल. गणितातल्या फलनासारखा प्रोग्राम: आत काही द्यायचं, बाहेर नवं काही मिळतं, आतलं जसंच्या तसं राहतं. पेढीवरच्या जुन्या मुनिमाला हे समजावून सांगावं लागलं नसतं. रोजकीर्दीत खाडाखोड करायची नाही, चूक झाली तर उलटी नोंद घालायची, हा त्याचा धर्मच. फंक्शनल भाषेत मुळात खोडरबर मिळत नाही, किंवा मिळालंच तर सही करून घ्यावं लागतं. अर्धा आकडा खोडणं तर सोडाच. १६ बिटांचा आकडा आणि ३२ बिटांचा आकडा या दोन जाती. एकीच्या घरात दुसरी न विचारता बसत नाही. आणि यादीची लांबी कुणा नोंदीवर विश्वासून ठरत नाही, यादी स्वतःच सांगते की मी संपले. हिशेबातली चूक एमएलमध्येही करता येते, पण त्या चुकीतून शेजाऱ्याच्या मेमरीत लिहिता येत नाही; प्रोग्राम तिथेच थांबतो. बंदराच्या भाषेत सांगायचं तर डबा गेटवर अडतो, जहाज बुडत नाही.

मग इतकी वर्षं हे विद्यापीठांतच का राहिलं? थोडा गर्व होता. ‘आपण काय चुकणार’ असं वाटणारे प्रोग्रामर सगळीकडे असतात. पण अडचण खरीही होती. या भाषा वापरलेल्या मेमरीची झाडलोट स्वतः करतात, आणि ती कधी करतील हे आपल्या हातात नसतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात अशी उसंत परवडत नाही. शिवाय सीमध्ये लिहिलेला कोट्यवधी ओळींचा डोंगर आधीच उभा होता. तो कोण पाडणार?

वाट निघाली ती आडून. सिडनीच्या निक्टा संस्थेतल्या मंडळींनी ऑपरेटिंग सिस्टिमचा एक छोटा गाभा बांधला, सेल-फोर. आधी तो हॅस्केलमध्ये लिहून पाहिला, कारण त्यात नीट विचार करता येतो. मग तोच सीमध्ये, ८,७०० ओळींत, हाताने उतरवला. आणि मग सीमधला प्रोग्राम मूळ आराखड्याप्रमाणेच वागतो याची गणिती सिद्धता दिली, सुमारे दोन लाख ओळींची. २००९ साली ते पूर्ण झालं. सिद्धता तपासली इझाबेलने, जी मिल्नरच्या एलसीएफची थेट वारस आणि एमएलमध्येच लिहिलेली. पुढे अमेरिकेच्या डार्पा या लष्करी संशोधन संस्थेने हाच गाभा एका चालकरहित हेलिकॉप्टरमध्ये बसवला आणि हल्ला करणारी तुकडी नेमली. त्यांना संगणकाच्या एका कप्प्यात आधीच बसवून दिलं, तरी उड्डाणाच्या कप्प्यापर्यंत त्यांना जाता आलं नाही.

केंब्रिजची मिराज मंडळी याहून खट्याळ. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांनी ओकॅमलमध्ये लिहिलेला एक छोटा सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवला. आत दहा बिटकॉइनची किल्ली. फोडा आणि घेऊन जा. प्रोग्रामचा मजकूरही सगळ्यांना खुला. डिसेंबर २०१७ मध्ये एका बिटकॉइनचा भाव वीस हजार डॉलरच्या आसपास गेला, म्हणजे मडक्यात दोन लाख डॉलरचं लोणी. दहीहंडीला एवढे थर लागले नसतील तेवढे लोक येऊन गेले. तीन वर्षांनी मालकांनीच हंडी उतरवून नाणी दुसऱ्या कामाला लावली.

आपल्याकडे पुण्यातही या प्रश्नावर काम चालू होतं, पण उलट्या दिशेने. टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र तिथे १९८१ पासून आहे. डोंगर पाडता येत नसेल तर तपासा, ही त्यांची भूमिका: सीमध्ये आधीच लिहिलेला प्रोग्राम घ्यायचा आणि तो कुठे घसरू शकतो ते यंत्राने शोधायचं. तिथे घडवलेलं व्हेरिअ‍ॅब्स हे साधन प्रोग्राम-पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटात पहिलं आलेलं आहे. मला ही भूमिका जास्त जमिनीवरची वाटते, जरी मन मिल्नरकडे ओढ घेतं.

एक सांगितलं पाहिजे. नॉटपेट्याच्या रात्री एसएमबीची ती ओळ एमएलमध्ये लिहिलेली असती, तरी मर्स्क वाचलं असतं असं नाही. दुरुस्ती केलेले संगणकही त्या रात्री पडले, कारण किड्याच्या दुसऱ्या हातात चोरलेले पासवर्ड होते. खरी किल्ली घेऊन आलेल्या चोराला कुलूप कुठल्या भाषेत घडवलंय याच्याशी देणंघेणं नसतं. आणि एम-ई-डॉकचं अपडेट तर राजरोस पुढच्या दाराने आलं होतं. जाती तपासणारी भाषा प्रोग्राम काय करतो ते बघते, तो कुणी पाठवला ते नाही. फंक्शनल भाषांचे भक्त हे सांगायला विसरतात.

मर्स्क वाचलं ते मात्र अगदी आपल्या ओळखीच्या कारणाने. कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कचा नकाशा दीडेकशे सर्व्हरवर सारखाच ठेवलेला होता, आणि ते सगळे एकदम पुसले गेले होते. एक वाचला, घानामधला, कारण किडा आला तेव्हा तिथली वीज गेली होती. त्याची हार्डडिस्क इंग्लंडला न्यायची, तर घानाच्या कर्मचाऱ्यांपैकी कुणाकडेच ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी एकाने विमानाने नायजेरियाला जाऊन ती दुसऱ्याच्या हाती दिली. पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले, असं मर्स्कच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं. कंपनीचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात. त्या दिवसांत माल फक्त वीस टक्क्यांनी घटला. बाकीचा माणसांनी कागद-पेन्सिल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हलवला.

नॉटपेट्याच्याच वर्षी, २०१७ च्या नोव्हेंबरात, फायरफॉक्सची सत्तावन्नावी आवृत्ती आली. तिच्यातल्या सांकेतिक लिपीचा एक तुकडा एफ-स्टार या भाषेत लिहिलेला होता. एफ-स्टार ही एमएलच्याच कुळातली. तिच्यात लांबी, मर्यादा, गुप्तता यांच्या अटी वस्तूच्या जातीतच लिहितात आणि त्या सिद्ध झाल्याशिवाय प्रोग्राम पुढे सरकत नाही. मायक्रोसॉफ्टची संशोधन शाखा, फ्रान्सची इनरिया आणि अमेरिकेतलं कार्नेगी मेलन विद्यापीठ मिळून हे काम करत होते. मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेतले संशोधकही त्यात होते. झाडलोटीची अडचण त्यांनी अशी सोडवली: विचार आणि सिद्धता एफ-स्टारमध्ये, आणि शेवटी त्यातून बाहेर पडतो तो सीमधलाच प्रोग्राम. यंत्राने लिहिलेला, सिद्धतेसकट. डोंगर पाडायला नको, नवा दगड तेवढा तपासून बसवायचा.

याच मंडळींनी पुढे एव्हरपार्स केलं. बाहेरून आलेल्या संदेशाची रचना कशी असावी ते सांगायचं, आणि तो वाचणारा प्रोग्राम एव्हरपार्स लिहून देतं. लांबीचा आकडा आणि प्रत्यक्ष लांबी यांत तफावत असेल तर संदेश तिथेच परत. एसएमबीच्या त्या ओळीला जे काम जमलं नव्हतं, तेच. एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या विंडोजच्या हायपर-व्हीमध्ये नेटवर्कचे संदेश वाचायला ते बसवलं आहे, असं २०२२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात म्हटलंय.

एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीचं काय झालं? ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या विंडोजपासून ती मुळातच बसवली जात नाही. तीस वर्षांपूर्वीच्या ओएस/२ चे गुणधर्म मागायला न्हावा-शेव्यात तरी कुणी आलेलं नाही.